नदीपाशी सोडून गेलेला मामा

तो व्हिडिओ गेम आमच्या घरात कसा आला, याबद्दल आजही एकमत नाही. पप्पा म्हणतात, कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जपानी साहेबांनी परत जाताना स्वतःच्या हातानं दिला. आई म्हणते, साहेब केव्हाच विमानात बसले होते, गेस्ट हाउसचं कपाट रिकामं करताना वॉचमननं पप्पांना हाक मारून दिला. मला आठवतं ते वेगळंच. मी पप्पांच्या मागं मोटरसायकलवर बसून चाकणला त्यांच्या कंपनीत गेले होते आणि एका चष्मेवाल्या माणसानं माझ्यापुढं कमरेतून वाकून नमस्कार केला होता. पप्पा म्हणतात, तुला मी कंपनीत कधी नेलंच नाही. मग तो वाकणारा माणूस कोण होता, हे मला माहीत नाही.

आम्ही तेव्हा काळेवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बीड जिल्ह्यातून येऊन फार काळ झाला नव्हता. पप्पा मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन होते, म्हणून गेमचा तो करड्या रंगाचा डबा त्यांनी थेट बोर्डाला लावला नाही. त्याच्या पाठीवरचे आकडे वाचले आणि म्हणाले, "हा शंभर व्होल्टवर चालतो. आपल्याकडं लावला की धूर." मग त्यांनी लाकडी खोक्यात एक ट्रान्सफॉर्मर बसवला. तो गुणगुणायचा. गेम चालू असला की घरात कुणीतरी तोंड मिटून गाणं म्हणतंय असं वाटायचं.

डब्याबरोबर एकच सीडी होती. तिच्यावर होडीचं चित्र आणि सगळी जपानी अक्षरं. आमचा टीव्ही रंगीत होता, पण हा गेम लावला की चित्र काळंपांढरं दिसायचं. पप्पांनी टीव्हीचं मागचं झाकण काढलं, आत बघितलं, परत लावलं. "जपानचा रंग आपल्याकडं चालत नसंल," म्हणाले. आम्हाला ते पटलं.

गेममध्ये पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण बाई गावोगाव हिंडायची. गावात शिरायचं, माणसांशी बोलायचं, दुकानातून हत्यारं आणि औषधं घ्यायची, मग रानातून पुढच्या गावाला जायचं. रानात जनावरं अंगावर यायची, त्यांच्याशी लढायचं. वाटेत सोबती भेटायचे आणि तिच्या मागून चालायला लागायचे. माणसापुढं उभं राहून बटण दाबलं की खाली चौकट उघडायची आणि तो काय बोलतोय ते एकेक अक्षर उमटायचं. त्यातलं एकही अक्षर आमच्यापैकी कुणाला येत नव्हतं.

मला लढाया आवडायच्या. बोलण्याच्या जागी मी पटापट बटण दाबून पुढं जायचे. आई सुरुवातीला भाजी निवडत लांबून बघायची. एकदा तिनं मला थांबवलं.

"आगं, गावात आलीस तर माणसांशी बोलायला नको व्हय? तशीच जायलीस."

"काय बोलतात ते कळत नाही ना पण."

"न कळू दे. ऐकून तर घे."

तिनं रिमोट हातात घेतला. गेमच्या बटणांच्या कंट्रोलरला ती अजूनही रिमोटच म्हणते. त्यानंतर गेम तिचा झाला आणि मी फक्त लढाईपुरती उरले. आई प्रत्येक घरात जायची. प्रत्येक माणसापुढं उभी राहायची, अक्षरं संपेपर्यंत थांबायची, "बरं" म्हणायची आणि पुढं सरकायची. पहिल्या गावात विहिरीपाशी एक म्हातारी होती. कितीदाही बटण दाबलं तरी ती तेच अक्षर-न्-अक्षर परत बोलायची. आई म्हणाली, "ही आपल्या शेजारच्या काकूसारखी हाय. पाणी आलं का, पाणी आलं का. दुसरं बोलणंच न्हाई." त्यानंतर ती म्हातारी आमच्यासाठी पाणी आलं का असंच विचारू लागली.

आई तेव्हा गल्लीच्या तोंडापलीकडं एकटी जात नव्हती. तिला तिथली सगळी वळणं एकसारखी वाटायची, तेच पत्र्याचं गेट, तीच काळी टाकी, तेच किराणा दुकान. गेममधली गावं मात्र तिला तळहातासारखी पाठ होती. आमच्याकडं सुरुवातीला खेळ साठवून ठेवायचं मेमरी कार्ड नव्हतं, त्यामुळं दर गुरुवारी लाइट गेली की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्या गावापासून निघावं लागायचं. मी चिडायचे. आईला त्याचं काही वाटायचं नाही. ती परत विहिरीवरच्या म्हातारीपासून सुरुवात करायची.

गोष्ट आईनंच लावली. पांढऱ्या कपड्यांतली बाई विधवा आहे, वय कोवळं आहे, सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, म्हणून ती माहेरी निघाली आहे. तिच्या मागून चालणारा तलवारवाला माणूस म्हणजे तिचा मामा, तिला न्यायला आलेला.

"मामाच कशावरून?" मी विचारलं. "बापही असेल."

"बाप पुढं चालला असता," आई म्हणाली.

पप्पा मधूनमधून बघायचे. सेकंड शिफ्ट असली की दुपारी जेवताना त्यांचा अर्धा डोळा टीव्हीवर असायचा. "काय म्हणायलाय मामा?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत डबा घेऊन निघायचे.

मग एका दिवाळीला नवीन टीव्ही आला. त्याच्यावर गेम लावला आणि चित्र रंगीत दिसलं. त्या बाईचे कपडे पांढरे नव्हतेच. पिवळे होते, अगदी हळदीसारखे पिवळे. आईनं रिमोट खाली ठेवला.

"म्हणजे हिचं लगीन व्हायचंय," ती म्हणाली.

सगळी गोष्ट उलटी झाली. विधवा नवरी झाली. मामा तिला लग्नाला घेऊन चाललाय. मग एवढ्या गावांत कशाला फिरायलेत? आमंत्रणं द्यायला. नवरी स्वतः आमंत्रणं द्यायला जाते का, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, घरात दुसरं कुणी नसलं तर कोण जाणार. तिला ते लगेच जमलं. माझा मात्र गोंधळ झाला तो झालाच. आजही त्या गेममधली काही दृश्यं मला काळीपांढरी आठवतात आणि काही रंगीत. काळ्यापांढऱ्या दृश्यांतल्या बाईची मला दया येते, रंगीतमधल्या बाईची येत नाही, आणि ती तर एकच बाई आहे.

बऱ्याच गावांनंतर एक नदी लागायची. काठाला होडी उभी असायची. तिथं मामा थांबला. वळला, एकच ओळ बोलला आणि आल्या वाटेनं परत चालायला लागला. सोबत्यांच्या चौकटीतून त्याचं चित्रही नाहीसं झालं.

"गेला," मी म्हणाले.

"येतो म्हणला असंल," आई म्हणाली.

त्याची तलवार बाईच्या पिशवीत राहिली होती. ती विकली तर चांगली किंमत यायची आणि मला नवीन ढाल घ्यायची होती. आईनं विकू दिली नाही. आल्यावर त्याला लागेल, म्हणाली. पुढच्या गावात मापाचं चिलखत दिसलं तर तेही तिनं त्याच्यासाठी घेऊन ठेवलं.

आम्ही एका मनोऱ्यापर्यंत पोचलो आणि तिथं अडकलो. वरच्या दाराशी काहीतरी विचारलं जायचं, खाली काही पर्याय असायचे, चुकलं की थेट तळाशी. मी अंदाजानं बटण दाबायचे आणि दरवेळी तळाशी यायचे. प्रश्न दरवेळी तोच असायचा की बदलायचा, हेही आम्हाला कळत नव्हतं. आईचं म्हणणं, मामा आल्याशिवाय दार उघडणार नाही. तेवढ्यात डबा दमला. सीडी वाचेना. मग तो उलटा ठेवला की वाचायचा, म्हणून काही महिने आम्ही तो उलटा ठेवून खेळलो, नंतर उलटाही चालेना. पप्पांनी उघडून बघितला आणि पोटमाळ्यावर ठेवून दिला. थेरगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तो कुठं गेला, कुणालाच सांगता येत नाही.

मी आता चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला आहे. गेल्या वर्षी असंच बसल्या बसल्या मी इंटरनेटवर इंग्रजीत त्या गेमचं वर्णन लिहिलं: पिवळ्या कपड्यांतली बाई, होडी, सोडून जाणारा सोबती, प्रश्न विचारणारं दार. दोन दिवसांनी कुणीतरी नाव सांगितलं. नाव वाचून मला काहीच आठवलं नाही, चित्र बघितलं तेव्हा लगेच ओळखलं. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की हा गेम फार चांगला, पण तेव्हा कुणी घेतला नाही, त्याला मिळायला हवा होता तो मान मिळाला नाही. ते वाचून मला विचित्र वाटलं. आमच्यासाठी तर जगात तेवढा एकच गेम होता. काही हौशी लोकांनी आपणहून त्याचं इंग्रजीही केलं होतं. ते मी लॅपटॉपवर घेतलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि रविवारी दुपारी आईला हाक मारली.

"आता कुठं ते," ती म्हणाली. पण चष्मा घेऊन आली. गुडघा दुखतो म्हणून खाली न बसता खुर्चीत बसली.

ती आधी विहिरीपाशी गेली. मी चौकटीतलं वाचलं. "उत्तरेकडचा वारा बदललाय, तुझ्या लक्षात आलं का, असं म्हणतेय."

"पाणी आलं का म्हणत न्हाई?"

"नाही."

आईनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा वारा बदलला. "बदलला तर बदलला," आई म्हणाली आणि पुढं गेली, पण पूर्वीसारखं "बरं" म्हणाली नाही.

पिवळे कपडे म्हणजे गणवेश निघाला. ती बाई निरोप पोचवणारी होती. या राज्यातले निरोपे पिवळं घालतात, असं अगदी दुसऱ्या गावातच एक माणूस सांगत होता. आम्ही एवढी वर्षं त्याच्यापुढून गेलो होतो.

"म्हणजे पोस्टात हाय," आई म्हणाली. थोडा विचार केला. "चांगलंय की. नोकरी करती."

मामा मामा नव्हता. तो जुना निरोप्या होता आणि त्यानं तिला काम शिकवलं होतं.

आम्ही रविवारी-रविवारी खेळू लागलो आणि माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मला पक्कं आठवत होतं की बर्फात एक पूल आहे आणि त्या पुलावर सगळे सोबती बसून काहीतरी खातात. मी तो पूल शोधला. बर्फ आहे, पूलही आहेत, पण बर्फात पूल नाही. मला काय आठवतं ते न सांगता मी आईला विचारलं, सगळे बसून खातात ते कुठं होतं गं? ती म्हणाली, "पुलावर." लोकांना इंटरनेटवर विचारलं, तर या गेममध्ये कुणी काही खातच नाही, असं उत्तर आलं. मग आम्हा दोघींना पूल कुठून आठवतो? कदाचित मीच तेव्हा कधीतरी तिला सांगितलं असेल, नाहीतर तिनं मला.

नदी आली. मामा थांबला, वळला. चौकटीत इंग्रजी ओळ उमटली.

"काय म्हणायलाय?" आईनं विचारलं.

"माझी वाट बघू नका, म्हणतोय."

मामा चालत कडेपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला.

"आसं कामून म्हणंल?"

"कारण नाही सांगितलं."

"तुझ्या इंग्रजीवाल्यांना नीट कळलं नसंल."

"आई, ते लोक जपानी शिकलेले असतात."

"आसतील," ती म्हणाली आणि कणीक मळायला उठून गेली. त्या दिवशी पुढं खेळलो नाही.

मी जपानी अक्षरांतल्या त्याच ओळीचा फोटो शोधून काढला. आमच्या कंपनीत जपानी साहेबांसाठी एक दुभाषी मॅडम आहेत, पुण्याच्या. सोमवारी कँटीनमध्ये मी त्यांच्यापुढं फोन धरला. त्यांनी ताट बाजूला केलं आणि वाचलं.

"हे कोण म्हणतंय? आणि कुणाला?" त्यांनी विचारलं.

मी सगळी गोष्ट सांगितली. सांगताना मध्येच माझ्या लक्षात आलं की मी आईचीच गोष्ट सांगते आहे, मामा, माहेर वगैरे. थांबले आणि पुन्हा खरी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इथं फक्त 'वाट बघायला लावणार नाही' एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"म्हणजे परत येणार?"

"तसंही होतं. आमचे साहेब मीटिंगमधून उठून बाहेर जाताना असं म्हणतात, की आलोच. पण माणूस कायमचा निघाला असेल आणि तुम्ही माझ्यासाठी अडकून पडू नका असं त्याला म्हणायचं असेल, तर तेही यात बसतं."

"मग मीटिंगमध्ये तुम्ही काय सांगता?"

"मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघते."

दोघींनी फोनवर मामाचा चेहरा मोठा करून बघितला. डोळ्यांच्या जागी एकेक ठिपका होता. आणखी मोठा केला तर नुसते चौकोन उरले.

"काहीच कळत नाही हो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

घरी येऊन मी आईला ते जसंच्या तसं सांगितलं. वाट बघायला लावणार नाही.

"मग येणार की," आई म्हणाली.

"तसं नाही. दोन्ही होऊ शकतं, असं त्या म्हणाल्या."

"दोन्ही कसं होईल? माणूस यील न्हाईतर न्हाई यील."

मलाही ते दोन्ही कसं ते सांगता येत नव्हतं. सांगताना वाटायचं येईल, आणि सांगून झालं की वाटायचं येणार नाही.

मनोऱ्याच्या दाराशी मी प्रश्न वाचला. "विहीर नसलेलं गाव कोणतं?" आणि खाली गावांची नावं होती. मी त्या नावांतून काही आठवतंय का बघत होते.

"ज्या गावात मडकीवाला हाय ते," आई म्हणाली. "तिथं बाया नदीला जात्यात."

दार उघडलं. त्या वेळी आम्हाला हा प्रश्न वाचता आला असता, तर आईनं तेव्हाच दार उघडलं असतं. पण वाचता आला असता तर ती एवढी घराघरात शिरली असती का, तेही मला सांगता येत नाही. दारामागं मामा नव्हता. नुसता जिना होता, आणि पुढं आम्ही कधीच न बघितलेली गावं.

शेवटच्या शहरात बाईनं निरोप पोचवला. राजवाड्यातल्या लोकांनी तो वाचला, आपल्याला तो दाखवत नाहीत. मग चौकात गर्दी जमली आणि आई सवयीप्रमाणं एकेकापुढं जाऊन उभी राहू लागली. भिंतीकडेला एक माणूस होता.

"हा बघ," आई म्हणाली.

चित्र मामाचंच होतं. तोच डगला, तेच दोन ठिपके. आईनं बटण दाबलं.

"आज होडी लवकर सुटली, असं म्हणतोय," मी वाचलं.

"बघ. होडीचंच बोलायलाय."

"आई, हेच चित्र मागं एका गावातल्या लोणच्याच्या दुकानदाराला पण होतं. आणि दुसऱ्या गावातल्या नावाड्याला. गेममध्ये जागा कमी असायची म्हणून एकच चित्र पुष्कळ माणसांना वापरायचे."

"मग ते बी त्योच आसंल," आई म्हणाली. "पोटासाठी माणूस काय काय करतो."

तिनं परत बटण दाबलं. होडी परत लवकर सुटली. ती मला म्हणाली, तलवार काढ. मी सगळ्या याद्या उघडून बघितल्या. विकायची सोय होती, टाकून द्यायची होती, पण कुणाला द्यायची सोय त्या गेममध्ये नव्हतीच. आई खूप वेळ त्याच्यापुढं उभी राहिली. मला तिला म्हणावंसं वाटत होतं की हा तो नव्हे, आणि त्याच वेळी मी त्या होडीच्या वाक्याचा दुसरा अर्थ लागतो का ते मनात लावून बघत होते.

शेवटी तीच बाजूला झाली. शहराचं दार आलं, संगीत बदललं आणि पडद्यावर खालून वर अक्षरं चढू लागली.

"हे काय?"

"बनवणाऱ्यांची नावं."

"संपलं व्हय?"

"संपलं."

तेवढ्यात पप्पा फिरून आले. रिटायर झाल्यापासून ते संध्याकाळी डांगे चौकापर्यंत चालून येतात. चपला काढता काढता त्यांनी टीव्हीकडं बघितलं.

"मामा सापडला का?"

"सापडला," आई म्हणाली.

"नाही सापडला," मी म्हणाले.

पप्पा आमच्या दोघींकडं बघायला लागले. "तो तर वाहून गेला व्हता ना नदीत? मी बघितलंय. सेकंड शिफ्टला निघालो व्हतो, दारातून बघितलं. तुमी दोघी गपगार बसला व्हता."

"कुठली नदी?" आईनं विचारलं.

"तीच की. काळीपांढरी दिसायची तवा."

आई माझ्याकडं बघायला लागली. असं काही गेममध्ये नाही, हे मला माहीत आहे. पुलाबद्दलही मला असंच माहीत आहे. मी जुना साठवलेला खेळ उघडला आणि नदीपाशी गेले. पप्पा खुर्ची ओढून बसले. काठाला होडी होती, पाणी जागच्या जागी हलत होतं, मामा केव्हाच निघून गेला होता.

पप्पांनी पुढं वाकून नीट बघितलं.

"येवढीच व्हती का ही?" ते म्हणाले. "मला तर लई रुंद वाटायली व्हती."